गोळी काही तासांत मेंदूत पोचते, मग गुण यायला महिना का लागतो? रिसेप्टरवर नेमकं काय चालतं?

ठिपका
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाला डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्रॅम सुरू केलंय, १० मिलिग्रॅम, आज ११वा दिवस. पहिले चार-पाच दिवस मळमळ, आतून थरथर, रात्री टक्क जागा, आणि मन मात्र होतं तिथेच. डॉक्टर म्हणाले तीन-चार आठवडे कळ काढा. दादाचं म्हणणं असं की त्रास पहिल्या दिवसापासून आणि गुण महिन्याने, हे कुठलं औषध, काल रात्री तर स्ट्रिप कपाटावर भिरकावून दिली त्याने. मी समजवायला बसलो आणि दोन मिनिटांत माझ्याकडचे शब्द संपले.

शाळेत शिकलोय की रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि औषध म्हणजे किल्ली. मग एकाच कुलपाला एक किल्ली उघडते आणि दुसरी अडकवून ठेवते हे कसं? आणि किल्ली फिरवल्यावर दार लगेच उघडायला हवं ना, महिनाभर कशाची वाट बघायची? कोणी या विषयातलं असेल तर सांगा प्लीज, मला दादाला खरं काय ते सांगायचंय, "डॉक्टर म्हणतात म्हणून घे" एवढंच नाही.

बाराखडी
मी फार्माकॉलॉजी शिकवते. पहिलं काम म्हणजे स्ट्रिप कपाटावरून खाली काढा आणि बंद करायचं असेल तरी डॉक्टरांना फोन करून मगच, बाकी सगळं त्यानंतर.

कुलूप-किल्लीपासून सुरू करते कारण गुंता तिथेच आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रुतलेलं एक प्रोटीन आणि ते कुलपासारखं कडक नसतं, सतत हलत असतं, कधी "चालू" आकारात तर कधी "बंद" आकारात. औषध यातल्या एखाद्या आकाराला जास्त घट्ट चिकटतं आणि त्याला तिथेच धरून ठेवतं, बस. चालू आकाराला धरलं तर तो ॲगोनिस्ट. दोन्ही आकारांना सारखंच धरलं तर स्वतः काही करत नाही, नुसता फतकल मारून बसतो, मग खरं न्यूरोट्रान्समीटर (चेतापेशींमधला निरोप्या रेणू) आलं तरी त्याला जागा नाही, हा अँटागोनिस्ट. चालू आकाराला थोडंसंच झुकतं माप दिलं तर पार्शल ॲगोनिस्ट, म्हणजे सगळ्या जागा भरल्या तरी काम अर्धवटच होणार. थोडक्यात पकड किती घट्ट आणि पकडल्यावर काम किती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गात मुलं हमखास इथेच घसरतात.

ही कल्पना मुळात आली कशी ते मला फार आवडतं म्हणून सांगतेच. १९०५ मध्ये लँग्ली नावाचा ब्रिटिश शास्त्रज्ञ, त्याने बघितलं की निकोटीन लावलं की स्नायू आखडतो, अगदी स्नायूकडे येणारी नस कापून सुकून गेलेली असली तरी आखडतो. मग क्युरारे (स्नायू लुळे करणारं विष) लावलं की निकोटीनचं काही चालत नाही. पण त्याच स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आखडतोच! म्हणजे नस लागत नाही, स्नायूचं आकुंचनाचं यंत्रही शाबूत आहे, तर या दोन औषधांची मारामारी चाललीये कुठे? तो म्हणाला स्नायूवरच काहीतरी "ग्रहण करणारा पदार्थ" असला पाहिजे. रिसेप्टर कोणी बघायच्या कितीतरी आधी निव्वळ तर्काने पकडलेला आहे हा.

आता दादाची गोळी. ती रिसेप्टरवर बसतच नाही. दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत (साधारण २० नॅनोमीटर) सेरोटोनिन (असंच एक न्यूरोट्रान्समीटर) सोडलं जातं आणि काम झालं की सोडणारी पेशीच ते एका पंपाने परत आत ओढून घेते. एस्सिटॅलोप्रॅम त्या पंपात अडकून बसतं. हे पहिल्याच दिवशी होतं. तुमची शंका बरोबर आहे, इथपर्यंत काही उशीर नाही.

गंमत पुढे आहे. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या खालच्या देठात) एका पुंजक्यात असतात, रॅफे म्हणतात त्याला. या पेशींच्या स्वतःच्याच अंगावर सेरोटोनिनचे रिसेप्टर असतात, ५-एचटी१ए नावाचे, त्यांचं काम म्हणजे "आपण फार सोडतोय का" हे बघणं. पंप बंद झाल्यावर आजूबाजूला सेरोटोनिन वाढलं की हे रिसेप्टर लगेच ओरडतात, थांबा, जास्त झालं, आणि पेशी आपला वेग कमी करते. म्हणजे तुम्ही एका हाताने वाढवलं आणि मेंदूने दुसऱ्या हाताने कमी केलं. दिवसामागून दिवस तो सिग्नल येतच राहिला की हळूहळू हे पहारेकरी रिसेप्टर बोथट होतात, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. मग पेशी पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालते, पंप मात्र अजून अडवलेलाच, तेव्हा कुठे मेंदूच्या बाकी भागांत सेरोटोनिन खरोखर वाढलेलं राहतं. त्याच्याही पुढे पेशीच्या आत जीन्सचं काम बदलतं, नवीन जोडण्या तयार होतात, त्यालाही वेळ लागतो. पहारेकऱ्यांची गोष्ट हे त्यातलं एक मोठं कारण, एकमेव नाही.

आणि मळमळ लगेच का? शरीरातलं साधारण ९०% सेरोटोनिन आतड्यात असतं, तिथे ५-एचटी३ नावाचा रिसेप्टर आहे, तो सरळ आयन चॅनेल (विद्युतभारित कणांना आत-बाहेर सोडणारं दार) आहे, सेरोटोनिन बसलं की मिलिसेकंदात उघडतो आणि मळमळीचा निरोप मेंदूकडे धावतो. ऑनडॅनसेट्रॉन हे उलटीचं औषध नेमकं हाच रिसेप्टर अडवतं. तर दादाला सांगा, त्रास आणि गुण एकाच गोळीचे असले तरी रस्ते वेगळे आहेत, एक रस्ता झटपट आणि दुसरा पहारेकऱ्यांशी वाटाघाटी करत जाणारा.

रात्रपाळी
बाराखडी ताईंनी पकड आणि काम वेगळं म्हटलंय ना, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी नर्स आहे. एका रात्री ऑपरेशन झालेल्या पेशंटला मॉर्फिन जास्त झालं होतं, मी राउंडला गेले तर श्वास मिनिटाला सहा, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारली तर ओ नाही. डॉक्टर धावत आले, नॅलोक्सोनचा (मॉर्फिनवरचा उतारा) ०.४ मिलिग्रॅमचा ॲम्प्यूल फोडून सलाईनमध्ये १० मिलीपर्यंत पातळ केला आणि एकेक मिली द्यायला सुरुवात केली. घाईघाईत सगळं एकदम का देत नाहीत तर नॅलोक्सोनची पकड इतकी घट्ट की मॉर्फिनला हुसकावून जागा बळकावतं, मग ऑपरेशनची सगळी वेदना एका क्षणात परत येते, पेशंट किंचाळत उठतो, बीपी वाढतं. म्हणून श्वास येईल इतकंच द्यायचं, वेदना थोडी दबलेलीच राहू द्यायची. तिसऱ्या मिलीनंतर दीड-दोन मिनिटांत त्यांनी खोल श्वास घेतला, मग दुसरा, मग डोळे उघडले. नॅलोक्सोन स्वतः काहीच करत नाही हो, मॉर्फिन नसलेल्या माणसाला दिलं तर जवळजवळ काही कळणारही नाही. नुसतं बसून राहतं आणि बसून राहिल्यानेच जीव वाचतो.

पण मी तिथून हलले नाही, कारण नॅलोक्सोन लवकर उतरतं, त्याचा अर्धा भाग साधारण तासाभरात निघून जातो आणि मॉर्फिन अजून रक्तात फिरतच असतं. झालंही तसंच, पाऊण तासाने पुन्हा गुंगी चढायला लागली, श्वास परत आठवर, पुन्हा डोस द्यावा लागला. नातेवाईकांना वाटतं शुद्धीवर आला म्हणजे सुटलो. ओपिऑइडच्या (मॉर्फिनसारख्या औषधांच्या) ओव्हरडोसमध्ये नॅलोक्सोन दिल्यावरही माणसाला एकटं सोडू नका, हे ज्याला ज्याला सांगता येईल त्याला मी सांगते.

सडेतोड
सॉरी पण एक बोलतो. २०२२ मध्ये मोठा रिव्ह्यू आला ना की डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं याला ठोस पुरावाच नाही. मग पंप अडवा नाहीतर पहारेकरी बोथट करा, मुळात जे कमीच नाही ते वाढवून काय साधणार? ठिपका, भाऊ म्हणतोय ते चूक नाहीये कदाचित.

बाराखडी
सडेतोड, रिव्ह्यूबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी स्वतः वर्गात "सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन" हे वाक्य वापरत नाही. पण त्यावरून गोळी निरुपयोगी हे निघत नाही. कमतरता खरोखर सिद्ध झालेला आजार बघायचा तर पार्किन्सन्स, तिथे मृत्यूनंतर मेंदू तपासून १९६० मध्येच दाखवलं गेलं की डोपामीन घटलेलं असतं, म्हणून लेव्होडोपा देतात. (डोपामीन सरळ का नाही? ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि आत जाऊन त्याचं डोपामीन होतं.) डिप्रेशनमध्ये असं सरळ गणित नाही. औषध तुटलेल्या जागीच बसलं पाहिजे असं काही नसतं, मेंदूच्या जाळ्यात एका ठिकाणी सतत ढकलत राहिलं की बाकी जाळं आपली घडी बदलतं आणि त्या बदलाचा उपयोग होतो.

आणि होतो का हे मोजलेलं आहे. २०१८ मध्ये २१ अँटीडिप्रेसंट्सवरच्या ५२२ चाचण्या एकत्र करून बघितल्या, एक लाख सोळा हजारांवर माणसं, मोठ्यांमध्ये २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस निघाली. फरक प्रचंड नाही, माफक आहे, आणि प्रत्येकाला पहिलीच गोळी लागू पडते असंही नाही. तरी अकराव्या दिवशी निकाल लावणं म्हणजे परीक्षा सुरू व्हायच्या आत नापास करणं झालं. त्यांच्या भावाच्या तब्येतीवर दुरून "चूक नाहीये कदाचित" असं लिहू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

सडेतोड
मान्य. गोळी बंद कर असं म्हणायचं नव्हतं मला, पण वाचणाऱ्याला तसं वाटू शकतं हे खरंय. ठिपका, माझं ते शेवटचं वाक्य सोडून दे.

मंदगती
माझा अनुभव उलट बाजूचा आहे, म्हणजे सुरू करण्याचा नाही, सोडण्याचा. झोप येत नाही म्हणून क्लोनाझेपाम ०.५ सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. मग एक दिवस वाटलं आता बरा आहे, आणि कोणाला न विचारता बंद केलं. पहिली रात्र ठीक, दुसरी जरा अस्वस्थ, तिसऱ्या रात्री एक मिनिट झोप नाही, फ्रिजचा आवाज डोक्यात ड्रिल मारल्यासारखा, चादर अंगाला टोचत होती, छातीत धडधड. मला वाटलं मूळ आजारच दुप्पट होऊन परत आला. डॉक्टरांनी सांगितलं हा आजार नाही, हे तुमचे रिसेप्टर आहेत. गोळी परत सुरू केली आणि मग पाच महिने लावून थोडी थोडी कमी केली, शेवटी तर पाव गोळीचेही तुकडे. फिट येऊ शकली असती म्हणाले, तेव्हा अंगावर काटा आला. ताई, ते रिसेप्टरचं काय झालं होतं ते नीट कळलं तर बरं होईल, अजून डोक्यात आहे ते.

बाराखडी
मंदगती, नीट लिहिलंत, कितीतरी जणांना याचा उपयोग होईल.

तुमची गोळी गाबा-ए रिसेप्टरवर काम करते. गाबा हा मेंदूचा मुख्य ब्रेक. रिसेप्टर म्हणजे पाच तुकड्यांचं एक नळकांडं, गाबा त्यावर बसलं की मधलं भोक उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. क्लोनाझेपाम गाबाच्या जागेवर बसत नाही, शेजारच्या दोन तुकड्यांच्या फटीत बसतं, आणि तिथून काय करतं तर गाबा आलं की भोक जास्त वेळा उघडतं. गाबा नसेल तर ते एकटं काही उघडू शकत नाही. म्हणूनच ती एकटी घेतली तर जुन्या बार्बिट्युरेट्सपेक्षा सुरक्षित, त्यांच्यात एकदा उघडलेलं भोक लवकर बंदच होत नाही आणि डोस मोठा असला तर गाबाशिवायही उघडतं. पण क्लोनाझेपामसोबत दारू किंवा ओपिऑइड आलं की ही सुरक्षितता गेली, ब्रेकवर ब्रेक, श्वास थांबतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा.

दोन वर्षं ब्रेक बाहेरून दाबलेला राहिला तर मेंदू गप्प बसत नाही, तो गाबा रिसेप्टरचा प्रतिसाद मऊ करतो आणि उत्तेजित करणारी ग्लुटामेटची बाजू तीव्र करतो. तेव्हा कुठे सगळं समतोल. आता गोळी अचानक काढली की उरतो एक कमकुवत ब्रेक आणि दाबलेला ॲक्सिलरेटर, फ्रिजचा आवाज ड्रिलसारखा लागतो तो याच्यामुळे. हळूहळू कमी केलं की रिसेप्टरना परत जागेवर यायला सवड मिळते. ठिपका, बघा, दादाच्या सुरुवातीच्या तीन आठवड्यांत आणि मंदगतींच्या शेवटच्या पाच महिन्यांत एकच गोष्ट चाललीये, औषधाला मेंदू उत्तर देतोय.

पानगळ
या धाग्यात विचारू का, जरा वेगळं आहे. माझ्या बहिणीला, वय १९, उलट्यांसाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं आणि घरी आल्यावर काही तासांत तिची मान एका बाजूला वळून तशीच ताठ राहिली, डोळे वर फिरलेले, जबडा आवळलेला, पूर्ण शुद्धीत होती आणि बोलता येत नव्हतं. आम्हाला वाटलं फिट. आई तर तिथेच बसली. परत नेलं तर शिरेतून एक इंजेक्शन दिलं आणि दहा-पंधरा मिनिटांत मान सरळ. उलटीच्या औषधाने मान कशी काय वळते?

बाराखडी
पानगळ, किती घाबरला असाल. याला ॲक्यूट डिस्टोनिया म्हणतात, तरुणांमध्ये जास्त दिसतो, आणि वेळीच ओळखला तर असाच पटकन सुटतो.

मेटोक्लोप्रामाइड डोपामीनचा डी२ रिसेप्टर अडवतं. उलटीचं केंद्र ब्रेनस्टेममध्ये अशा जागी आहे जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत झिरपती आहे, तिथे डी२ अडवला की उलटी थांबते. पण हे औषध ती भिंत ओलांडून आतही जातं, आणि आत स्ट्रायटम नावाच्या भागात हालचालींचा तोल डोपामीन आणि ॲसिटिलकोलिन या दोघांनी सांभाळलेला असतो. डोपामीनचा आवाज बंद केला की ॲसिटिलकोलिन एकटंच बोलतं आणि स्नायू आवळले जातात. शिरेतून दिलेलं इंजेक्शन बहुतेक ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर अडवणारं असणार. म्हणजे बिघडलेली बाजू दुरुस्त केली नाही, दुसरी बाजू तेवढीच खाली आणली, आणि तोल परत आला. डॉमपेरिडोनही डी२ च अडवतं पण ते भिंतीच्या आत फारसं जात नाही म्हणून मान वळण्याचे प्रकार त्याने खूप कमी होतात (त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, तो वेगळा विषय). बहिणीच्या फाइलवर मेटोक्लोप्रामाइडचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे कुठेही गेलात तरी आधी सांगा.

सायकोसिसच्या (भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या) औषधांचं गणितही इथेच आहे. मेंदूच्या पेट (PET) स्कॅनमध्ये दिसतं की साधारण ६५% डी२ रिसेप्टर अडवले की गुण यायला लागतो, ८०% च्या वर गेलं की शरीर ताठरतं. म्हणून डोस वाढवला की गुण वाढतोच असं नाही. ॲरिपिप्राझोल हे पार्शल ॲगोनिस्ट, ते याहून जास्त जागा भरतं तरी ताठरपणा कमी, कारण बसल्या जागी थोडं डोपामीनचं कामही करतं.

रात्रपाळी
मेटोक्लोप्रामाइड शिरेतून देताना सावकाश द्यायचं ते त्यासाठीच, भसकन दिलं की पेशंट बेचैन होतो, बेडवर बसवत नाही त्याला. आमच्याकडे नवीन मुलींना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवते.

ठिपका
सगळ्यांचे खूप आभार. दादाला हा धागा बसून वाचायला दिला. पहारेकऱ्यांचं वाचून म्हणाला "म्हणजे सध्या आत भांडण चाललंय" आणि स्ट्रिप खाली काढून दिली. एक विचारतो, तो दिवसाला पाच-सहा कप कॉफी पितो, त्याचा काही संबंध?

बाराखडी
आहे की. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि त्याच्या रिसेप्टरवर बसून झोप आणतं, कॅफीन ती जागा अडवतं, म्हणजे हाही अँटागोनिस्टच. रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळी सहाला प्यायलेल्या कपाचा अर्धा भाग रात्री अकराला शिल्लक. आधीच गोळीने थरथर आणि जागरण, त्यात हे. एकदम बंद मात्र नको, रोज पिणाऱ्याचे ॲडेनोसिन रिसेप्टर वाढलेले असतात, डोकं ठणकेल. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी, आणि दुपारनंतरचे कप आधी.

ठिपका
अपडेट देतो, आज २६वा दिवस. मळमळ गेली. मन अजून जडच आहे म्हणतो, पण गेले तीन दिवस सलग पाच-सहा तास झोप, आणि काल स्वतःहून दाढी केली, महिनाभरात पहिल्यांदा. कॉफी दोन कपांवर.

बाराखडी
झोप आणि अंगातली शक्ती आधी परत येते, मन मागून येतं, हा क्रम नेहमीचा. पण मध्ये हे जे दिवस असतात, अंगात ताकद आली आणि मन अजून काळोखात, त्यांत जरा जास्त जवळ राहा. वय २५ च्या आत असेल तर अधिकच, त्या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत जीवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात म्हणून औषधावर तसा इशाराही असतो. अचानक फार बेचैनी, चिडचिड, किंवा "मी नसलो तर" असं काही बोलला तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

ठिपका
तो २३ चा आहे. रात्री त्याच्याच खोलीत झोपतो मी आता. तुम्ही लिहिलेलं सगळं कागदावर उतरवून घेतलंय, झोपेचे तासही मांडलेत, परवा भेट आहे तेव्हा डॉक्टरांना दाखवतो.